बायकोला काहीच करत नाहीत, मलाच का?

पत्र:

प्रिय ताई,

आठ महिन्यांपूर्वी नोकरी सोडून आम्ही दोघं शेतावर राहायला आलो. निवांत आयुष्य हवं होतं. सध्या मी सकाळी घराबाहेर पडतो तो एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात ढालीसारखं घमेलं धरून. आमचा कोंबडा (नाव फौजदार) मला बघितलं की पंख पाडून अंगावर येतो. गेल्या आठवड्यात त्यानं मला पाऊण तास संडासात कोंडून ठेवलं. सोन्या नावाचा एडका आम्ही बाटलीनं दूध पाजून वाढवला, तो आता मागून येऊन ढुशी देतो. हंसांची जोडी आहे, ती मी दिसलो की माना लांब करून फुत्कारत धावते. गाय नुकतीच व्यायली आहे. आजवर माझा हात चाटायची, परवा तिनं मला आणि माझ्या कुत्र्याला कुंपणाबाहेर काढलं. शेजारच्या शेतात बैल आहे, म्हणून मी माझे सगळे लाल शर्ट वाटून टाकले. नवल म्हणजे माझ्या बायकोला यातलं कुणीही काही करत नाही. ती गुणगुणत जाते, गुणगुणत येते. सासूबाई म्हणतात, कोंबड्याचा प्रश्न पातेल्यात सुटेल. मला तसं नको आहे. या सगळ्यांना शांत कसं करू?

– घमेलेधारी

उत्तर:

घमेलेधारी भाऊ,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा हसून घ्यायला आणि एकदा चष्मा पुसून. कोंबड्यानं कोंडलेल्या माणसाला मनापासून तोच हसतो, जो स्वतः कधीतरी असा कोंडला गेलेला असतो. माझ्या वेळी हंस होता आणि मी झाडावर होते. ते असो.

पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही ‘नवल म्हणजे’ असं म्हणून शेवटाकडे ढकललंत. त्यात नवल काही नाही. तुमच्या बायकोकडे कुठला मंत्र नाही. ती पळत नाही, छत्री परजत नाही, कोंबड्याच्या डोळ्याला डोळा लावून उभी राहत नाही, आणि पैज लावते, तिनं सोन्याच्या कपाळावर हात ठेवून ‘ढकल, ढकल, किती ताकद आहे बघू’ हा खेळ कधी खेळलेला नाही. तुम्ही खेळलात. पत्रात लिहिलं नाहीत, पण खेळलात. त्याच्याकडे मी येणारच आहे.

आधी फौजदार.

कोंबडा अंगावर येण्याआधी काय करतो ते तुम्ही कधी थांबून पाहिलंय का? पाहिलं नसणार, कारण तोवर तुम्ही संडासाच्या वाटेला लागलेले असता. एकदा बघाच. आधी तो जमिनीवर काहीतरी सापडल्यासारखं करतो, उगाच एक-दोन टोचा मारतो. मग मानेची पिसं फुलतात. मग एका बाजूचा पंख खाली सोडतो, इतका की त्याची टोकं मातीला घासतात, आणि तुमच्याभोवती तिरका तिरका चालत अर्धं वर्तुळ काढतो. हे सगळं होईस्तोवर त्याची उडी ठरलेली नसते. हा त्याचा प्रश्न असतो: ‘तू कोण? माझ्या वरचा की खालचा?’

कोंबड्यांच्या जगात हा प्रश्न फार गंभीर असतो. नॉर्वेचा थोर्लाइफ शेल्डेरुप-एब्बे हा माणूस लहानपणापासून कोंबड्यांकडे बघत बसायचा. घरच्यांना वाटलं असेल, पोरगं वाया गेलं. १९२१च्या सुमारास त्यानं मांडून दाखवलं की खुराड्यातल्या प्रत्येक कोंबडीला कुणाला टोचायचं आणि कुणाकडून टोचून घ्यायचं हे पक्कं ठाऊक असतं. वरपासून खालपर्यंत उतरंड लागलेली असते. कचेरीत नोकरी केलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. तुम्ही ती उतरंड सोडून शेतावर आलात, आणि इथल्या उतरंडीत फौजदारानं तुम्हाला सगळ्यात खालच्या कोंबडीच्याही खाली बसवलंय.

का बसवलं? पहिल्यांदा तो अंगावर आला तेव्हा तुम्ही पळालात. त्यानं हिशोब केला: उडी मारली, हा पळाला, पद्धत चालते. दुसऱ्या वेळी तुम्ही बहुधा लाथ उगारलीत किंवा छत्री रोखलीत. त्यानं दुसरा हिशोब केला: अच्छा, म्हणजे हाही कोंबडाच आहे, फक्त उंच. पळणं म्हणजे हार आणि लाथ म्हणजे झुंजीचं आमंत्रण. गंमत अशी की दोन्हींतून तो एकच गोष्ट शिकला, तुमच्याकडे लक्ष ठेवायला हवं.

तेव्हा उद्यापासून असं करा. जाड पँट आणि गुडघ्यापर्यंतचे बूट घाला, म्हणजे मन घट्ट राहतं. त्यानं पंख पाडला की थांबा. मागे सरकू नका, वाकू नका, त्याच्याकडे टक लावू नका. मग जणू तो तिथं नाहीच अशा बेतानं त्याच्याच दिशेनं दोन पावलं सावकाश चाला. त्याला बाजूला व्हावं लागेल. झाला की तुम्ही आपल्या कामाला लागा. जिंकल्याचा आनंद वगैरे चेहऱ्यावर दाखवू नका.

तरी उडी मारलीच, तर त्याला पकडायचं आणि पंख मिटलेले राहतील असं काखेत धरायचं. मारायचं नाही, उलटं लटकवायचं नाही. काखेत घेऊन दहा-पंधरा मिनिटं कामं करत फिरायचं. पाण्याची मोटार चालू करा, फोनवर बोला, त्याच्या कोंबड्यांसमोरून दोन चकरा मारा. पहिली काही मिनिटं तो धडपडेल, मग त्याची मान सैल पडेल, डोळे मिटू लागतील. तसा झाला की मगच खाली सोडायचा. धडपडत असताना सोडलात तर त्याच्या वहीत नोंद होईल: ‘धडपडलं की सुटका.’ दिवसा पकडता येत नसेल तर रात्री खुराड्यात जा. कोंबड्यांना अंधारात फार कमी दिसतं, दिवसाचा हा फौजदार रात्री दांडीवरून पिकलेल्या फळासारखा हातात येतो. तेव्हाही रागावायचं नाही. नुसतं धरून बसायचं.

आणि त्याची इभ्रत ठेवा. दाणे आणलेत तर कोंबड्यांना हातानं भरवत बसू नका. त्याच्यासमोर टाका आणि बाजूला व्हा. दाणा सापडला की चोचीत धरून, परत टाकून, ‘टुक टुक टुक’ करत बायकांना बोलावणं हा त्याचा मान आहे. तुम्ही रोज तो काढून घेत असाल तर त्यानं तुम्हाला प्रतिस्पर्धी मानलं यात त्याची चूक नाही. आणखी एक बघा, कोंबडे एकाहून जास्त आहेत का आणि कोंबड्या किती? एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या असल्या की त्याला उद्योग पुरतो. तीन कोंबड्या असतील तर उरलेल्या वेळात तो तुमच्यावर पहारा करणार.

हे सगळं एक महिना नेटानं केलंत तर बहुतेक कोंबडे सुधारतात. सगळे नाही. काही कोंबडे रक्तातच तसे असतात, आणि अशांची पिल्लंही तशीच निघतात, म्हणून त्यांची अंडी उबवायला ठेवू नयेत. घरात लहान मूल येत-जात असेल तर मात्र महिनाभरसुद्धा वाट बघू नका, फौजदाराला वेगळ्या जाळीत टाका. उडी मारताना त्याच्या पायाचा काटा ज्या उंचीवर येतो, तिथंच लहान मुलाचे डोळे येतात. तुम्हाला स्वतःला काटा रुतला असेल तर जखम साबण-पाण्यानं भरपूर धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा. आठवत नसेल तर डॉक्टरकडे जा. सासूबाईंच्या उपायावर मी मत देणार नाही. त्या अनुभवी दिसतात.

आता सोन्या. इथं मला तुमच्यावर जरा रागावायचंय.

जो नर आईच्या दुधावर कळपात वाढतो तो माणसाला जरा बिचकतो. बाटलीवर वाढलेला नर बिचकत नाही. लहानपणी तो तुमच्या मागे मागे फिरतो, कपाळ तुमच्या मांडीला घासतो, तुम्ही म्हणता किती प्रेमळ! तुम्ही त्याच्या कपाळावर तळवा ठेवून ढकलता, तो ढकलतो, सगळे हसतात, फोटो निघतात. वर्षभरानं त्याचं वजन तुमच्या बायकोइतकं होतं, रक्तात नराचं वारं शिरतं, आणि तो तोच खेळ खेळायला येतो. त्यानं खेळ बदललेला नाही. त्याच्या दृष्टीनं तुम्ही कळपातला आणखी एक नर आहात, उभा राहणारा, विचित्र वासाचा, पण खेळायला तयार. म्हणून मेंढपाळ लोक रानटी एडक्याला भीत नाहीत तितके लाडावलेल्या एडक्याला भितात.

माझी गोष्ट सांगते. माझाही असाच एक होता, बाटलीवरचा. एकदा संध्याकाळी पाणी पाजून झालं आणि मी बादली उचलायला वाकले. बस, एवढंच. पुढचं आठवतं ते गव्हाणीत. पाय वर, चष्मा म्हशीच्या पुढ्यात, आणि एडका चार पावलं मागे जाऊन पुन्हा तयारीत उभा. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता हो, अपेक्षा होती. नंतर आडवं पडल्या पडल्या विचार करायला भरपूर वेळ मिळाला तेव्हा कळलं: वाकणं म्हणजे डोकं खाली करणं, आणि एडक्यांच्या भाषेत डोकं खाली करणं म्हणजे ‘ये’. मी बोलावलं, तो आला.

एडका टकरीआधी मागे सरकतो हे ध्यानात ठेवा. तो चार पावलं मागे गेला की नवशिक्याला वाटतं, घाबरला. नाही, तो धावपट्टी मोजतोय. बोकडाचं तंत्र वेगळं, तो मागच्या दोन पायांवर उभा राहतो आणि वरून खाली येतो, त्यामुळे निदान सूचना तरी मिळते. मेंढपाळ दोन अनोळखी एडके एकत्र आणताना त्यांना आधी एक-दोन दिवस इतक्या अरुंद जागेत दाटीवाटीनं कोंडतात की मागे सरकायला जागाच राहत नाही. धावपट्टी नाही तर विमान उडणार कसं? सोन्याच्या बाबतीत तुम्हीही हेच तत्त्व वापरा: त्याच्या आणि तुमच्या मध्ये मोकळी जागा ठेवून पाठ फिरवायची नाही. एक तर कुंपण मध्ये ठेवा, नाहीतर त्याच्या अगदी जवळ, खांद्याशी, बाजूला उभे राहा आणि हनुवटीखाली हात घालून तोंड वर धरा. हनुवटी वर असली की टक्कर बसत नाही.

कपाळाला हात लावणं आजपासून बंद. घरातल्या सगळ्यांचं, आल्या-गेल्या पाहुण्यांचंसुद्धा. खाजवायचंच असेल तर हनुवटीखाली किंवा छातीवर. आत जावं लागलंच तर घमेल्यापेक्षा प्लायवूडची एक फळी न्या, मांडीपासून छातीपर्यंत येईल एवढी. ती मारायला नाही, मध्ये धरायला. फारच झालं तर एडक्यासाठी चामड्याचा मुखवटा बनवतात, त्यातून त्याला खाली आणि बाजूला दिसतं पण समोरचं दिसत नाही. चरतो मजेत, नेम मात्र धरता येत नाही. आणि पैदाशीसाठी तो नको असेल तर जनावरांच्या डॉक्टरांकडून खच्ची करून घ्या, जोर बराच ओसरतो. लहानपणीच केलं असतं तर जास्त उपयोग झाला असता, पण तेव्हा तुम्ही फोटो काढत होतात.

तो विसरेल अशी आशा धरू नका. मेंढरं मठ्ठ असतात हा आपला समज २००१ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासानं पार मोडीत काढला. मेंढ्यांना पन्नास मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांनंतरही आठवत होते. पुढं २०१७ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी शिकवल्यावर मेंढ्या फोटोतून बराक ओबामांचा चेहरा ओळखू लागल्या. ओबामांनी त्यांचं काही वाकडं केलं नव्हतं. तुम्ही तर समोर रोज दिसता. याची चांगली बाजू अशी, की तुम्ही बदललात तर तेही त्याच्या लक्षात राहील.

हंसांवर फार शाई घालवत नाही. आपल्याकडे हंस म्हटलं की दूध आणि पाणी वेगळं करणारा विवेकी पक्षी डोळ्यांपुढे येतो. पाळलेला हंस आप्त आणि आगंतुक वेगळे करतो, आणि तुम्हाला त्यानं दुसऱ्या भांड्यात टाकलंय. हा धंदा त्यांचा जुना आहे. इ.स.पू. ३९०च्या सुमारास गॉल लोक रात्री रोमच्या टेकडीवर चढले तेव्हा कुत्री झोपून राहिली आणि जूनो देवीच्या हंसांनी कलकलाट करून पहारेकऱ्यांना उठवलं, अशी रोमन कथा आहे. तेव्हा त्यांची निष्ठा समजून घ्या. अंड्यांचे दिवस असतील तर घरट्याकडची वाट महिनाभर सोडा. एरवी ती मान लांब करून आली की दोन्ही हात पसरून रुंद व्हा आणि सावकाश त्यांच्याकडे चाला. तुमची छत्री इथं, आणि फक्त इथं, कामाची आहे. आधीच उघडून समोर धरा, झटक्यात उघडू नका, आणि पाठ दाखवू नका. मी दाखवली होती. झाड बरं होतं, पण मुंग्या होत्या.

गाय हे प्रकरण मात्र निराळं. ती तुमच्यावर चिडलेली नाही, ती बाळंतीण आहे. आणि तुम्ही तिच्याकडे कुत्रा घेऊन गेलात! रक्षणासाठी नेला असेल, पण वासराच्या आईला कुत्रा म्हणजे लांडग्याचा चुलतभाऊ. तुम्ही त्याचे साथीदार. पुढचे काही आठवडे कुत्रा गोठ्याजवळ नको. चुकून समोर आलाच आणि गाय धावली तर साखळी सोडून द्या. कुत्रा तिच्याहून चपळ आहे, तुम्ही नाही. साखळी धरून त्याला वाचवायला जाणारी माणसंच पायाखाली येतात.

वासरू आणि गाय यांच्या मध्ये कधीच उभं राहू नका. आणि कुठून येता हे तिला दिसू द्या. गाईचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे मान न वळवता तिला तीनशे अंशांहून जास्त दिसतं. दिसत नाही ते थेट पाठीमागचं, आणि नेमके आपण तिथूनच दबकत जातो. तिच्या भोवती एक अदृश्य रिंगण असतं. त्याच्या आत पाऊल टाकलं की ती हलते, बाहेर काढलं की थांबते. टेंपल ग्रँडिन या अमेरिकन प्राध्यापकबाईंनी जनावरं हाकण्याच्या या गोष्टी जगाला नीट समजावून सांगितल्या. तिच्या खांद्याच्या मागे उभं राहिलं तर ती पुढे जाते, खांद्याच्या पुढे उभं राहिलं तर मागे सरते. काठी, शिव्या, धावपळ काही लागत नाही. ग्रँडिनबाई स्वतः स्वमग्न (ऑटिस्टिक) आहेत. तरुणपणी सावत्र वडिलांच्या बहिणीच्या गोठ्यावर त्यांनी पाहिलं की लस टोचायच्या खोड्यात दोन्ही बाजूंनी दाब बसला की बिथरलेली गुरं शांत होतात, आणि घरी येऊन त्यांनी स्वतःला शांत करायला तसाच एक खोडा बनवला. फौजदाराला काखेत धरण्यामागेही थोडं तेच असावं. घाबरलेल्या जिवाला कुणीतरी घट्ट पण न दुखवता धरलेलं बरं वाटतं.

गाय एकदा बिथरली की लगेच ‘ये गं, ये गं’ करत मागे जाऊ नका. छातीची धडधड खाली यायला तिला वीस ते तीस मिनिटं लागतात. तेवढ्यात तुम्ही चहा करून, पिऊन, कप विसळून येऊ शकता. हे जनावर शांत करण्याचं सगळ्यात स्वस्त औषध आहे आणि कुणालाच ते घ्यायचं नसतं.

एक गोष्ट गमतीची नाही, म्हणून सरळ सांगते. शांत जनावर एकाएकी मारकं झालं तर आधी दुखणं शोधा. धार काढताना गाय अचानक लाथ मारू लागली तर कासेला हात लावून बघा, गरम, टणक, सुजलेली असेल तर ती डॉक्टरांची केस आहे, तुमच्या स्वभावाची नाही. आणि वागणं बदललंय, लाळ गळतेय, गिळता येत नाहीये, आवाज बदलून सारखी हंबरतेय असं दिसलं तर घशात काही अडकलंय का बघायला तोंडात हात घालू नका. लांब राहा, बाकीच्यांना लांब ठेवा, डॉक्टरांना बोलवा. ते रेबीज असू शकतं.

राहिला शेजारचा बैल. बैल की वळू ते तुम्ही लिहिलं नाहीत. फरक एका शस्त्रक्रियेचा आहे, पण कुंपण ओलांडण्याआधी तो माहीत असावा. बैल असेल तर विषय संपला, त्याला तुमच्यात रस नाही. वळू असेल तर मी वर सांगितलेलं एकही शौर्य त्याच्यावर करू नका. तो तुमच्यासमोर आडवा उभा राहून पाठीची कमान करतो, मान खाली घालून एका डोळ्यानं बघतो, खुरानं माती उडवतो, तेव्हा तो स्वतःचा आकार दाखवत असतो. तो बघा, पटला असं मनात म्हणा, आणि तोंड त्याच्याकडे ठेवूनच कुंपणापर्यंत मागे मागे जा. फाटक कुठं आहे हे आत शिरण्याआधी ठाऊक हवं.

लाल शर्ट मात्र परत मागून आणा. गुरांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, आपल्याला तीन. तांबडा त्यांना आपल्यासारखा दिसतच नाही. बुलफाइटच्या रिंगणातला वळू फडकं हलतं म्हणून धावतो, रंगामुळे नाही. पांढरा सदरा घालून हातवारे करणारा माणूस लाल शर्टात स्वस्थ उभ्या माणसापेक्षा धोक्यात असतो.

बटण दाबून वळू शांत करता आला तर काय बहार होईल, असं तुमच्या मनात आलं असेल तर तेही करून झालंय. १९६३ साली स्पेनमध्ये कोर्दोबा इथं होसे देल्गादो हे मेंदूशास्त्रज्ञ रिंगणात उतरले. वळूच्या मेंदूत तारा बसवलेल्या, यांच्या हातात रेडिओचं यंत्र. वळू धावत आला, यांनी बटण दाबलं, वळू थबकला. तो खरंच शांत झाला की नुसताच वळला, यावर पुढे बरेच वाद झाले. मला विचाराल तर रिंगणात उतरण्यापेक्षा कुंपण स्वस्त.

तर भाऊ, आता उद्या सकाळचं. घमेलं गोठ्यात ठेवा, शेण भरायला ते लागतंच. छत्री हंसांच्या वाटेवर टांगून ठेवा. आठ दिवस बायकोच्या मागून दहा पावलं अंतरावर नुसते चाला. ती कुठं थांबते, बादली कधी खाली ठेवते, कुणाकडे बघत नाही, ते बघा. वेळ ठरलेली, वाट ठरलेली, आवाज ठरलेला असला की जनावराला पुढं काय होणार ते कळतं, आणि कळलं की ते चरायला मोकळं होतं. गाईला नाव नसेल तर ठेवा. ब्रिटनमध्ये न्यूकॅसलच्या संशोधकांना असं आढळलं की नावानं हाक मारल्या जाणाऱ्या गाई वर्षाला २५८ लिटर जास्त दूध देतात. २००९ साली त्यांना इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. अर्थात नुसत्या नावानं काही होत नसणार. जो गाईला नाव ठेवतो तो बाकीचंही नीट करत असणार.

गुणगुणण्याचंही मी थट्टेवारी नेत नाही. २००१ मध्ये लेस्टर विद्यापीठाच्या अभ्यासात संथ संगीत ऐकणाऱ्या गाईंनी जवळजवळ तीन टक्के जास्त दूध दिलं, घाईच्या चालींनी तसं काही झालं नाही. तेव्हा तुमच्या बायकोची चाल संथ असणार असा माझा अंदाज. ती नेमकं काय गुणगुणते ते तिला न कळू देता ऐका आणि मला उलटटपाली कळवा. आमचा बोकड गेली चार वर्षं माझं एकही ऐकत नाही. वर लिहिलेले सगळे उपाय त्याच्यावर करून झालेत.

– तुमची ताई